आक्काचं उघडं अंगण

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी मलकापूरला, शाळेत शिकवत होतो. दाजी एवढंच म्हणाले, "तुमची आक्का गेली." कोल्हापूर येईपर्यंत एसटीत मी दगडासारखा बसून होतो. डोळ्यांत पाणी आलं ते पुण्यानुमोदनाच्या दिवशी, आणि तेही रागानं. वंदना झाली, जेवणं झाली. हात धुताना पायाला चिखल लागला म्हणून एक पावणे म्हणाले, "आता तरी ह्या अंगणात कोबा करून घ्या की. बाईंचा हट्ट व्हता, त्यो त्यांच्याबरोबर गेला."

हट्ट! तो काय होता, ते सांगायलाच हवं.

आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण शशिकला, सरकारी दवाखान्यात नर्स होती. आडनाव ऐकताच 'खोली कालच दिली' म्हणणारे घरमालक तिनं पुष्कळ पाहिले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिनं आणि दाजींनी कळंब्याच्या बाजूला, उतारावरचं एक बैठं घर घेतलं. शहरात आमच्या माणसांचं ते पहिलं स्वतःचं घर. विकणारा कौतुकानं अंगण दाखवत होता. फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत गुळगुळीत सिमेंट, नारळाचा बुंधासुद्धा त्यात आवळलेला. "चिखल न्हाय, गवत न्हाय, झाडू मारला की झालं." आक्का खूश झाली. कोण होणार नाही?

त्या माणसाला सगळं ठाऊक होतं, हा राग माझ्या मनातून आजही जात नाही. जुन्या फरशीवर कोबा, त्यावर पुन्हा कोबा, असं करत त्यानं अंगण उंबऱ्याच्या बरोबरीला आणलं होतं आणि उतार होता घराकडेच. वरच्या बंगल्याचं आवारही फरशीनं बंद. पावसाळ्यात दोन्हीकडचं पाणी, मुरायला माती नाही म्हणून, सरळ मागच्या खोलीत शिरलं. तिथं अंथरुणाला खिळलेली आमची आई होती. आक्का ड्युटीवरून आली तेव्हा पलंगाखाली पाणी होतं, वाकळेची टोकं भिजलेली आणि आई हाका मारून दमलेली... पुढं नुसतं आभाळ भरून आलं तरी ती विचारायची, "शशे, पाणी येतंय काय गं?" आपल्या हक्काच्या घरात!

आक्का जाब विचारायला गेली तर विकणारा हसला. "बघूनच घेतलंसा की." वरचे बंगलेवाले म्हणाले, "पाणी वरनं खालीच येणार."

मग आक्कानं पहार आणली. सुट्टीच्या दिवशी ती आणि दाजी कोबा फोडायचे. गल्लीतल्या बाया हळहळायच्या, "एवढं झकास अंगण फोडतासा?" ती फोडत राहायची. खालची फरशीही उखडली, माती खणून अंगण उंबऱ्याच्या खाली घेतलं, उतार फाटकाकडे काढला, वरच्या कुंपणालगत चर खणून त्यात खडी भरली. चालण्यापुरत्या सुट्या फरश्या बसवल्या, बाकी माती उघडी. पुढच्या पावसाळ्यात आईची खोली कोरडी राहिली. उन्हाळ्यात सिमेंटातून येणारी झळही गेली.

तेवढ्यावर थांबेल ती आक्का कसली? ओळखीतलं कुणी घर बघायला निघालं की ही बरोबर. कागदपत्रं वकील बघेल, म्हणायची, मी आवार बघते. अंगण उंबऱ्याच्या पुरेसं खाली आहे का, उतार कुणीकडे, शेजारच्या छपराचं पाणी कुठं पडतं, उघडी माती किती उरलीय. जमलं तर भर पावसात या, असं बजावायची. एकदा एक एजंट वैतागून म्हणाला, "बाई, गिऱ्हाईक पळवू नका." आक्का म्हणाली, "मी कशाला पळवू? तुमचा कोबाच पळवतोय त्यास्नी."

ह्याला हट्ट म्हणायचं, आणि स्वतःचं आवार सिमेंटनं बंद करून खालच्याच्या घरात पाणी सोडणारा मात्र शहाणा!

गेल्या आठवड्यात गेलो तर फाटकाशी पेव्हर ब्लॉकचा टेंपो उभा. दाजींच्या पुतण्यानं परस्पर धाडलेला, मायेनंच. जन्मात कुणाला उलट न बोललेले दाजी फाटकात खुर्ची टाकून बसले होते.

"आजोबा, बाजूला व्हा की. माल उतरायचाय," ड्रायव्हर म्हणाला.

"हितं माझी बायको राबलीया," दाजी म्हणाले. "माघारी न्या."

टेंपो गेला. दाजी खुरपं घेऊन चरातला पाला काढायला बसले. रविवारी सकाळी आक्का हेच करायची, चहा शेजारी ठेवायची आणि प्यायची विसरायची. त्यांच्या सुनेनं दाजींना चहा आणून दिला. त्यांनी कप शेजारी ठेवला... आणि तो गार होईपर्यंत पाला काढत राहिले.