गाडी बघून भाव, फासा बघून आकडा

संदेश भुशी धरणाच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टवर मॅनेजर आहे. मॅनेजर म्हणजे काउंटरमागे बसून पाहुण्याची गाडी बघायची आणि मग खोलीचा भाव सांगायचा. मोठी काळी गाडी आली की डोंगर दिसणारी खोली महाग होते. जुनी अल्टो आली की तीच खोली ‘आजच्या दिवस तुमच्यासाठी’ स्वस्तात निघते. या कामात त्याचा हात कुणी धरू शकणार नाही. वाईट एवढंच, की हीच अक्कल तो खेळात घेऊन आला.

खेळ पुण्याचे पाहुणे विसरून गेलेल्या एका खोक्यातून रविवारी तिथे जमणाऱ्या आमच्या टोळक्याकडे आला. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. पात्राला काही अवघड करायचं असेल, तर ते किती अवघड आहे हे सांगणाऱ्याने ठरवायचं आणि तसा आकडा बोलायचा. मग खेळणाऱ्याने वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकड्याएवढं किंवा वर पडलं तर जमलं, खाली पडलं तर फसलं. लहान पोरालाही कळेल असं हे काम, पण आमच्या या गोष्ट सांगणाऱ्याला ते दोन वर्षांत कळलं नाही.

तो आकडा आधी बोलतच नसे. “टाक तर खरा,” म्हणायचा. फासा थांबला की तो बघायचा, मग टाकणाऱ्याचं तोंड बघायचा, आणि मग आकडा उच्चारायचा. निलेश हा रिसॉर्टच्या मालकाचा मुलगा. त्याला पाच पडले तर पाचच लागत असत. कोमल आंदर मावळातली, तळेगावला नर्स; सुट्टीच्या रविवारी स्कूटीवरून एवढ्या लांब यायची. तिला सतरा पडले तर संदेश हळहळायचा, “आरारा, अठरा लागत व्हते.” आणि माना डोलवायला आम्ही बाकीचे नंदीबैल होतोच.

कोमलच्या पात्राचं नाव येसू. गडाचे कडे चढणारी चोरटी. येसूचा भाऊ पलीकडच्या बुरुजात कैदेत होता, आणि पहिल्या दिवसापासून कोमल त्याला सोडवायला निघाली होती. दर वेळी एकाने कमी. दवाखान्यात डॉक्टरचं ऐकायचं, घरी सगळ्यांचं ऐकायचं. येसू तेवढी तिची स्वतःची होती. मला त्या पोरीची दया यायची आणि संदेशचा संताप.

गेल्या रविवारी सगळी पात्रं बुरुजापाशी पोचली. मध्ये एक घळ. आधी निलेशच्या सरदाराने उडी मारली, फासा चारावर थांबला.

“चारच लागत व्हते, शेठ. बसली उडी,” संदेश म्हणाला.

मग कोमलची पाळी. ती आतून स्टीलची वाटी घेऊन आली. फासा टाकला आणि तो थांबायच्या आत वाटी त्याच्यावर पालथी घातली.

“आदी आकडा सांगा, संदेशभाऊ. मंग उचलते.”

गाडीच न आणलेला पाहुणा समोर उभा राहिला की संदेशचं जे होतं, तेच झालं. तो वाटीकडे बघे, कोमलच्या तोंडाकडे बघे. तिथे काय सापडणार, किती पडले ते तिलाच माहीत नव्हतं. कातळ ओला आहे म्हणाला, वारा आहे म्हणाला, दोर आणलाय का विचारलं. शेवटी घाम पुसत बोलला, “पंधरा.”

कोमलने वाटी उचलली. सहा.

तिचे डोळे भरून आले. ते बघून संदेशला दयेचा उमाळा आला. पाहुणा पाठ फिरवून निघाला की त्याला तो नेहमीच येतो.

“बरं, सहाच धरू,” तो म्हणाला. “आपलाच खेळ हाय.”

“न्हाई. पंधरा म्हनला न्हवं? येसू पडली, मेली.” कोमलने येसूची माहिती लिहिलेल्या कागदाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. “पन घळ एकच हाय, भाऊ. मंग निलेशशेठ चारावर कसे पोचले?”

“शेठचं वेगळं,” संदेश बोलून गेला.

कोमल चपला घालून निघून गेली. स्कूटीचा आवाज वळणाआड विरला तरी निलेश फाशाकडेच बघत होता. बापाच्या जिवावर वाढलेला पोरगा, मला त्याच्याकडून काडीची अपेक्षा नव्हती. पण विचारलं त्यानेच.

“संदेश, माझं आजपर्यंतचं सगळं असंच होतं का? एकही उडी खरी नव्हती?”

संदेशने त्याच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं.

“तुमीच सांगा की, शेठ,” तो म्हणाला, “किती खऱ्या धरायच्या?”