तानुबाईच्या पायाची नाडी

मेहकरच्या अलीकडच्या चार-पाच खेड्यांत तानुबाई सुईणीनं किती बाळंतपणं केली, ते तिलाही सांगता आलं नसतं. निरोप आला की लुगडं खोचून ती पायीच निघायची. महाराष्ट्र राज्य होऊन चारेक वर्षं झाली असतील, त्या उन्हाळ्यात तिची डावी पोटरी चालता चालता आवळून येऊ लागली. जरा टेकलं की दुखणं थांबे; उठून शंभर पावलं टाकली की पुन्हा हजर. दिवाळीपर्यंत त्याच पायाचं करंगळीशेजारचं बोट काळंनिळं पडून चिघळलं. हळद झाली, बिब्बा झाला. जखम काही भरेना.

शेवटी सून आशाबाईनं तिला एसटीत बसवून मेहकरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या भालचंद्र डॉक्टरांनी लघवी तपासली. साखर नव्हती. मग त्यांनी तिला स्टुलावर बसवून तिच्या पावलावर दोन बोटं टेकली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

"पायाची नाडी लागत नाही, बाई. इथवर रक्तच पुरतं पोचत नाही."

तानुबाईला ते लगेच उमगलं. नाळेची धडधड थांबली म्हणजे रक्त थांबलं, हे ओळखल्याशिवाय तिनं कधी नाळ कापली नव्हती.

"पाय कापा लागन काय, डाक्टरसाहेब?"

"ते कारणावर ठरेल. विडी ओढणाऱ्या पुरुषांचं असं झालेलं पाहिलंय मी. तुमचं कारण मात्र सापडत नाही."

तानुबाईनं मान खाली घातली. दाढ दुखते म्हणून धरलेली विडी वीस वर्षं ती गोठ्यामागं लपून ओढत होती, रोज एक बंडल. नवऱ्याला मरेपर्यंत पत्ता लागला नव्हता.

"आशा, तू भायेर थांब जराशी."

आशाबाई जागची हलली नाही. "आत्याबाई, विडीचं सांगाचं असन तं सांगून द्या. मले लग्नाच्या सालापासून मालूम हाये. गोठा कोन झाडते?"

तानुबाई आधी रडली, मग तिला हसूच फुटलं. वीस वर्षांचं ओझं त्या स्टुलावर उतरलं.

"चला, कारण सापडलं," डॉक्टरही मोकळे झाले. "धुरानं रक्ताच्या नळ्या आकसतात, आतून सुजतात, मग रक्त गोठून वाट बुजते. बुजलेली नळी उघडेलच असं नाही. पण विडी सुटली, तर आजूबाजूच्या बारीक नळ्या रुंद होतात आणि रक्त तिकडून वाट काढतं. पण एक झुरकासुद्धा नाही हं!"

पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. तानुबाई भांडली, तिनं भाकरीचं ताट लोटलं. आशाबाईनं तिच्या कनवटीला भाजलेली जवस बांधून दिली. तलफ आली की ती चावत बसायची. बोटाचं काळं टोक डॉक्टरांना काढावं लागलं, पण संक्रांतीपर्यंत जखम सुकली.

फाल्गुनात डॉक्टरांनी पुन्हा पावलावर बोटं टेकली.

"नाडी अजून लागत नाही. पण पाऊल गरम आहे. वाचला पाय."

"गरम हाये नं? मंग झालं तं!" तानुबाई म्हणाली.

स्टँडवर गाडीला अवकाश होता. दोघींनी कांद्याची भजी घेतली, आणि ती संपल्यावर तानुबाईनं आणखी एक पुडा मागवला.