फवारणीवाल्या मॅडम

कृषी विद्यापीठाच्या मॅडम आमच्या बागेत आल्या की आधी कुणाशी बोलायच्या नाहीत. सफरचंदाचं एखादं पान उलटं करायच्या, डोळ्याला भिंग लावायच्या आणि म्हणायच्या, "आहेत बरं का."

'आहेत' म्हणजे लाल कोळी. पानाचा रस शोषणारे, टाचणीच्या टोकाएवढे जीव. परभणीच्या उन्हात सफरचंद म्हटल्यावर तुम्हीही हसाल. चुडाव्याजवळच्या आमच्या रानात आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उष्ण हवेत येणारी जात लावली तेव्हा गावही हसलं होतं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. कोणत्या औषधानं मावा आणि कोळी आटोक्यात येतात हे तपासायला त्यांनी आमचीच बाग निवडली. काही ओळींवर एक औषध, काहींवर दुसरं, एका ओळीवर नुसतं पाणी.

"नुस्तं पाणी? त्या झाडायनं काय पाप केलं?" आबा विचारायचे.

"मग तुलना कशाशी करू, आबा?"

उरलेलं औषध त्या कुणाच्या हाती ठेवत नसत. रिकाम्या बाटल्यांना स्वतः भोकं पाडायच्या. आबा मला हळूच म्हणायचे, "बाई लय वहमी हाय, कुणावर इश्वास नाही."

त्या दुपारी फवारणी आटोपून आम्ही बांधावरच्या आंब्याखाली जेवायला बसलो. आईनं बाटलीतून ताक पाठवलं होतं. शेजारी तशीच दुसरी बाटली होती, तशीच पांढुरकी. आबांनी तीच तोंडाला लावली.

मॅडमना वास आधी आला. त्या ताटावरूनच झेपावल्या आणि आबांच्या हातातली बाटली उडवली. पण एक घोट गेला होता. आमच्या गड्यानं कपाळावर हात मारला. "पंपात उरलेलं व्हतं मालक... वांग्यावर माराया ठेवलं..."

कुणीतरी मिठाचं पाणी आणलं. "ओकवू नका!" मॅडम किंचाळल्या. इतकी मऊ बोलणारी बाई अशी किंचाळू शकते, हे माझ्या कानांना पटेना. आबांच्या तोंडातून लाळ गळत होती. मॅडमनी त्यांचं तोंड पुसलं, मूळ औषधाची बाटली उचलली, आबांना आपल्या गाडीत घातलं आणि परभणीपर्यंत गाडी अशी हाणली की मी मागच्या सीटवर आबांचं डोकं धरून नुसता बसून होतो. रडूही येत नव्हतं.

डॉक्टरांनी बाटलीवरचं नाव वाचलं आणि उपचार सुरू केले. आबा वाचले. मी सांगायला बाहेर आलो तेव्हा मॅडम बाकावर बसल्या होत्या. एका पायात चप्पल, दुसरा पाय चिखलानं भरलेला. मी म्हटलं, "शुद्धीवर आले." त्यांनी मान हलवली आणि पदर तोंडात कोंबून रडल्या.

झालेलं सगळं त्यांनी स्वतःच वरिष्ठांना कळवलं. चाचणी बंद झाली, त्यांची बदली झाली. पुन्हा त्या आमच्या रानात आल्या नाहीत.

"तिचा काय कसूर?" आबा घरी आल्यावर सारखे विचारायचे. शेवटी मी मॅडमना फोन लावून दिला. आबांनी तो कानाला धरला. "मॅडम," एवढंच म्हणाले. पलीकडून मॅडमचा हुंदका ऐकू आला. मग आबांनी फोन माझ्या हातात दिला आणि तोंड फिरवून बसले.