आमच्या गल्लीत उतरणारी बॅटरी

उभ्या यवतमाळ जिल्ह्यात सगळ्यांत मोठा आवाज ज्याचा, त्याच्याच पोटात सगळ्यांत जास्त गुपितं, असं मी म्हटलं की बाहेरगावची माणसं हसतात. हसू देत. त्यांनी आमचे भोंगेवाले चाचा पाहिलेले नाहीत. ऑटोवर दोन भोंगे बांधून, एकाचं तोंड पुढं आणि एकाचं मागं, चाचा घाटंजीभर जाहिराती करत फिरायचे. साड्यांचा सेल, सर्कस, हरवलेली शेळी, उद्या नळाला पाणी नाही, सगळं त्याच जोशात. निवडणुकीत सकाळी एका उमेदवाराला निवडून आणत आणि दुपारी जेवून उठले की दुसऱ्याला. माईकला रुमाल गुंडाळलेला, कानात अत्तराचा फाया आणि प्रत्येक गोष्ट तीनदा सांगायची सवय. चाची कपाळावर हात मारून सांगायची, "यायले घरी चहा पाहिजे असला तरी 'चहा, चहा, चहा' वरडतेत, अन् वरून म्हणतेत, 'संधी सोडू नका!'" खोटं मात्र त्यांना माईकवर बोलवत नसे. कापड दुकानाच्या शेठनं 'रंग कधीच जाणार नाही' असं लिहून दिलं, तर चाचा ते इमानदारीत वाचत आणि श्वास घेऊन जोडत, "पहिल्या धुण्यात जराक जाईन, घाबरू नका!" शेठ तणतणायचे. बाया हसत हसत त्यांच्याच दुकानात जायच्या.

पण खरी कमाल होती त्यांच्या डाव्या हाताची. तो हात कायम भोंग्याच्या बटणावर. मयत झालेलं घर आलं, भोंगा बंद. बाळंतीण असली, बंद. दहावीची पोरगी ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेली दिसली, बंद. यात एकच घोटाळा झाला. भोंगा कुठं बंद होतो, यावरून गाव बातम्या काढायला लागलं! एका सुनेला चाचांनी आपल्याच ऑटोतून डॉक्टरकडे नेलं होतं, दुसऱ्या दिवशी तिच्या घरापुढं त्यांनी आवाज बंद केला आणि संध्याकाळपर्यंत दोघी-तिघी येऊन तिला "कितवा वं?" असं विचारून गेल्या. बिचारीनं अजून सासूलाही सांगितलं नव्हतं. चाचा हादरलेच. "या अल्ला, म्या तं गप बसूनच बोंबललो!" तेव्हापासून एका घरासाठी बंद करायचं असलं की ते गल्लीच्या तोंडाशीच बंद करत. कोणी विचारलं तर उत्तर तयार, "बॅटरी उतरली."

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी गावातली कितीतरी लग्नं पुढं ढकलली गेली. माझं तर मोडलंच. साखरपुडा झालेला, मुलगा पुसदचा; आमच्या कापसाची गत पाहिली आणि त्यांना एकाएकी नोकरीवाल्याची मुलगी पसंत पडली. मी रडले, आईनं पुसदच्या दिशेला तोंड करून शिव्या घातल्या, बाबा दिवसदिवस शेतातच राहू लागले. त्यातच लग्नसराईचा भोंगा सुरू झाला. शालू घ्या, पैठणी घ्या, हळदीच्या साड्या घ्या! आवाज चौकातून जवळ यायचा, मी दार लावायला उठायचे आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी सगळं शांत. अख्खी लग्नसराई, रोज. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "या चाचाची बॅटरी आपल्याच गल्लीत कशी मरते वं?" मी खाली मान घालून तांदूळ निवडत राहिले. पण त्या रात्री मला चांगली झोप लागली.

भोगलं ते चाचांनी. आपल्या जाहिराती एका गल्लीत वाजतच नाहीत, हे शेठच्या कानावर गेलं. यवतमाळचा एक चष्मेवाला जाहिरातवाला, फोनवर जाहिरात द्या म्हणून, शेठच्या मागे होताच. शेठनं चाचांचं काम काढून घेतलं आणि सगळी जाहिरात फोनवर दिली. चाचांचं घर लग्नसराईवर चालायचं. त्यांनी ऑटो अंगणात लावला, भोंग्यांवर पोतं टाकलं. कोणी भेटलं की म्हणत, "आराम चालू हाये. आराम, आराम, आराम!" ते ऐकून माझा जीव तुटायचा. माझ्यापायी झालं होतं ना सगळं.

आणि तिकडं फोन! आमच्या घरात तो एकच, बाबांचा. साखरपुड्याच्या दिवसांत मी त्यावर हिरवा शालू शोधला होता. तो शालू आता हात धुऊन मागे लागला. बाबा बोंडअळीचं औषध शोधायचे, तर शालू. आई आरती लावायची, तर आधी शालू. वर लिहिलेलं, 'तुमच्या लग्नासाठी खास', आणि खाली शेठच्या दुकानाचं नाव. बाबा फोन पालथा ठेवून उठून जायचे. त्या मेल्या फोनची बॅटरी एरवी शंभरदा उतरायची, पण नेमकी तेव्हा कधी नाही.

एक दिवस माझं डोकं फिरलं. बाबांचा फोन घेऊन मी चाचांच्या अंगणात जाऊन उभी राहिले आणि शालूचं सगळं सांगून टाकलं. "चाचा, चला दुकानात."

"कायले, बेटा?"

"तुमचा भोंगा परत आणायले."

चाचा टोपी घालत म्हणाले, "भोंग्याचं राहू दे. पयले तुह्या मागचा तो शालू बंद करू."

दुकान बायांनी भरलेलं होतं. जाहिरातवाला शेठच्या गादीला टेकून बसलेला. चाचांनी त्याला अदबीनं विचारलं, "साहेब, या पोरीच्या दारात तुमची जाहिरात बंद होते का?"

तो हसला. "दार-बिर नसतं, चाचा. ज्यानं जे शोधलं, त्याला ते दिसणार. आणि हे तर काहीच नाही. पुढं लोक टाइपसुद्धा करणार नाहीत. फोनला तोंडी विचारतील आणि फोन एकाच दुकानाचं नाव सांगेल. उद्या तर न विचारताच ओळखेल, तुमच्या मनात काय आहे ते."

"मनातलं तं मलेबी समजते, अख्ख्या गावाचं," चाचा म्हणाले. "पण मी वरडून राह्यलो का?"

"जमाना बदलला, चाचा," असं म्हणत शेठनं नवी डिझाइनं दाखवायला आपला फोन एका नवरीच्या आईपुढं धरला. फोनमधली बाई खणखणीत आवाजात बोलली, "मूळव्याधीनं हैराण आहात? आता लाजू नका!"

सगळ्या माना वळल्या. शेठ आवाज कमी करायला गेले, तो वाढला. "बसताना त्रास होतो?" शेठ गादीवरून ताडकन उभेच राहिले. मग जो हशा उठला म्हणता! नवरीच्या आईनं तोंडात पदर कोंबला, पोरी कापडाच्या गठ्ठ्यांवर लोळल्या. हसले नाहीत ते फक्त चाचा. त्यांनी पुढं होऊन तो फोन काढून घेतला, बंद केला आणि माईकशिवाय, पण थेट भोंग्याच्या आवाजात ललकारले, "बॅटरी उतरली! बॅटरी उतरली! बॅटरी उतरली!"

मग वाकून, फक्त शेठला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "दवाखान्यात माह्याच ऑटोत गेलते तुमी. घाटंजीत कोणाले मालूम होतं का?" मी शेजारीच होते म्हणून मला ऐकू आलं.

शेठनं उभ्याउभ्याच भोंग्याचं काम परत दिलं. जाहिरातवाल्यानं बाबांच्या फोनवरचा माझा शालूही तिथल्या तिथं बंद केला. बंद करता येत होता म्हणे, कोणी तसं सांगितलंच नव्हतं! जाहिरातवाला चष्मा पुसत पुटपुटला, "उद्या सगळेच लोक असे चिडून आपली माहिती झाकायला लागले, तर कोणाला काय दाखवायचं हे आम्हाला कळणार कसं?"

"मंग या माह्या ऑटोत बसाले," चाचा म्हणाले. "पण तिथं जे समजन, ते बोलाचं नाही."

दुसऱ्या दिवशी भोंगे असे निघाले, की वरात काय निघेल! चौकाचौकात लोक हात हलवत होते.

पुढं मी घरातच ब्लाउज शिवायचं दुकान टाकलं. जाहिरात अर्थात चाचांची. गावभर माझं नाव गाजवत ऑटो आमच्या गल्लीशी आला आणि सवयीनं बंद! मी कात्री हातात घेऊन धावले. "चाचा, आता चालू करा!" चाचा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "पक्कं?" "पक्कं!" मग त्यांनी माझ्या दारासमोर ऑटो लावून माझं नाव तीनदा असं घेतलं, की काकू भाजी टाकून बाहेर आल्या, आई रडली आणि बाबा कितीतरी महिन्यांनी खदखदून हसले.

आता चाचांचा आवाज बसलाय. ऑटो जावई चालवतो, भोंग्यातून रेकॉर्ड केलेला आवाज वाजतो आणि चाचा शेजारी बसतात, डावा हात बटणावर ठेवून. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आवाज अजून थांबतो. चाचा माझ्या दाराकडे पाहतात, मी शिवता शिवता मान हलवते, मग भोंगा सुरू होतो. मी काय शोधते ते फोनला सगळं माहीत असतं. मी बरी आहे ना, हे मात्र चाचाच विचारतात, तेही न बोलता.  एखाद्या दिवशी मी मान हलवली नाही, तर अख्ख्या गल्लीत बॅटरी उतरेल, हे मला ठाऊक आहे.