हुतुतूच्या गड्यासाठी कॉलेज

मला प्रश्न विचारायची खोड आहे. बाजारात वांगी घ्यायला गेलो की वांगेवाल्याच्या विहिरीला पाणी किती, बैल कुठून आणले, हे सगळं विचारून होतं आणि वांगी घ्यायची राहून जातात. बायको म्हणायची, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं. मी मात्र हिंगणघाटच्या एका शाळेत गणिताचा मास्तर होतो. आमच्या ड्रिल मास्तरांची बदली झाली तेव्हा हेडमास्तरांनी त्यांची शिट्टी माझ्या हातात ठेवली. खेळात गुण मोजावे लागतात आणि मोजणं हे गणित, असा त्यांचा हिशेब.

हुतुतूतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण ड्रिलच्या वर्गात अल्लीपूरचा एक मुलगा होता, मामाकडे राहून शिकणारा. चढाईला गेला की त्याचा दम तुटता तुटत नसे. मी घड्याळ लावून बघायचो आणि त्याच्याआधी माझाच श्वास कोंडायचा. छप्पनच्या दसऱ्याला त्यांचं घर बौद्ध झालं होतं. शाळेत ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि का कोण जाणे, त्याबद्दल मी त्याला कधी काही विचारलं नव्हतं.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात तो मॅट्रिक झाला, घराण्यातला पहिला. त्याचे मामा कापसाच्या जिनात कामाला होते. ते शाळेत येऊन मला म्हणाले, “मास्तर, खेळावर कोन्या कालेजात फी माफ होऊन राह्याची सोय होत असन तं पाहा. नाई तं जिनात मुकादमाले सांगून ठेवलं हाये. कालेज उघडेपर्यंत वाट पाह्यतो.”

मला तर हेच हवं होतं. मी चार कॉलेजांना पत्रं टाकली. दोघांनी मुलाला घेऊन या म्हणून कळवलं, एक नागपूरचं, एक वर्ध्याचं. एका वहीत मी चाळीस प्रश्न लिहून काढले. मैदानावर माती कसली, सकाळी दूध मिळतं का, सामन्याच्या दिवशी बुडालेला तास कोण शिकवतं, आणि माझा सर्वांत लाडका प्रश्न: गेल्या वर्षीचा कप्तान सध्या काय करतो?

नागपूरला बसने गेलो. मैदान बघून डोळे निवले. माती चाळलेली, रेघा चुन्याच्या, पोरांना एकसारख्या बनियनी. तिथल्या खेळाच्या सरांना मी कप्तानाचं विचारलं. ते म्हणाले, फर्स्ट इयरला आहे. आणि त्याच्या आधीचा? तोही अजून फर्स्ट इयरलाच. मी हे वहीत टिपलं, पण सकाळी दूध मिळतं या उत्तराखाली ते जरा झाकलं गेलं.

पोरांनी आमच्या मुलाला घेरून गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, आडनाव विचारलं. मला ती पोरं माझ्यासारखीच चौकस वाटली.

मग खेळ सुरू झाला. आमच्या मुलाने पहिल्याच चढाईत दोघांना बाद केलं. पुढे पकडीत तो स्वतः बाद झाला आणि मुकाट्याने निंबाखाली जाऊन बसला. त्याच्या बाजूने गडी मारला, सरांनी त्याला आत बोलावलं, तो उठेना. पुन्हा हाक मारली, तरी उठेना. शेवटी कळलं की आमच्याकडे बाद झालेला गडी डाव संपेपर्यंत बाहेरच बसतो. इथे समोरचा गडी बाद झाला की आपला एक परत जिवंत होतो. चाळीस प्रश्न लिहिणाऱ्या मास्तराला खेळाचे नियम विचारायचं सुचलं नव्हतं! सर पोट धरून हसले आणि म्हणाले, “दम जबरदस्त हाय. घेतला.”

मी हवेत होतो. दुपारी मेसमध्ये मला आग्रहाने जेवू घातलं. मुलगा म्हणाला, भूक नाही. मी म्हटलं, बुजला असेल. वरण झकास होतं, मी दोनदा मागून घेतलं.

आठवड्याने आगगाडीने वर्ध्याला गेलो. मैदान कसलं, मुरमाचा तुकडा होता, पडलं की गुडघा सोलून निघायचा. बनियनी ज्याच्या त्याच्या. कप्तान बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होता, आणि तोच पोरांचे बुडालेले तास भरून काढायचा. त्याने आमच्या मुलाला एकच विचारलं, “भाकरी किती खातोस?” खेळ झाल्यावर सगळी पोरं एकाच मडक्यातलं पाणी प्यायली आणि व्हरांड्यात एका रांगेत जेवायला बसली. आमचा मुलगा त्यांच्या मधोमध होता. त्याने चार भाकरी खाल्ल्या आणि पाचवी मागितली.

दोन्हीकडून होकार आला. मी नागपूरचा फॉर्म भरायला घेतला. मुलगा म्हणाला, “सर, वर्धा.”

“काऊन रे? तिथं ना दूध, ना धड मैदान.”

तो टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाला, “नागपूरले पोराईनं आडनाव इचारलं. मंग एक जन म्हने, तुयी पंगत मांगच्या पडवीत. दुसऱ्यायच्या संग नाई.”

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या वरणाची मी घरी येऊन तारीफ केली होती. मला स्वतःचा संताप आला आणि, खरं सांगतो, तो मी त्याच्यावरच काढला.

“मग तिथंच काऊन नाई सांगतलं मले? तवाच उठून आलो असतो!”

“म्हनूनच नाई सांगतलं, सर. तुमी जेवून राह्यले होते. भरल्या ताटावरून कसं उठवावं तुमाले?”

मी वर्ध्याचा फॉर्म घेतला. पहिल्या ओळीत त्याचं नाव लिहायचं होतं, मी टाक दौतीत बुडवला. त्याने टाक माझ्याकडून घेतला आणि आडनावासकट नाव स्वतःच लिहिलं.