अर्धा राहिलेला धवला

माझी बायको धवलारीण. आमच्या आगरी लग्नात भटाच्या आधी धवलारणीचा मान. मांडव घातल्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं लागतं, त्या गाण्याला धवला म्हणतात. एकदा तोंडातून निघाला की संपेपर्यंत सोडायचा नाही. अर्धा राहिला तर नवरीला लागतो, अशी आमच्यात समजूत. उरणच्या आजूबाजूच्या गावांत तिला लांबून लांबून बोलावणी यायची. माईक नाही, काही नाही, तरी मांडवामागे मटणाच्या टोपाशी उभ्या माणसाला शब्दन् शब्द ऐकू जायचा. असला तिचा दम!

माझ्या दमाचं विचारूच नका. तरणेपण मिठागरात गेलं, पुढे कंटेनर यार्डात वॉचमन झालो. दिवसभर ट्रेलरची धूळ, रात्रभर बिडी. डॉक्टरांनी मशीनमध्ये फुंकायला लावलं आणि म्हणाले, फुप्फुसं पहिल्यासारखी व्हायची नाहीत, उरलीत ती सांभाळा. आता घरात ऑक्सिजनचं मशीन आहे, नाकात नळी, उशाशी पंप, आणि लाईट गेली तर म्हणून कोपऱ्यात ऑक्सिजनचा सिलिंडर. नळी पोचते तेवढं माझं राज्य. पलंग, टीव्ही आणि मोरी.

हे राज्य चालवते ती. मला स्टुलावर बसवून आंघोळ घालते, कारण उभा राहिलो की धाप लागते. फोडणीचा ठसका नको म्हणून मागच्या पडवीत शेगडी नेऊन स्वयंपाक करते, पावसातसुद्धा. देवासमोर अगरबत्ती बंद. आणि लग्नंही बंद. मी तिला कधी नाही म्हटलं नाही हो, देवाशप्पथ! ती विचारायची, ‘जाऊ का?’ मी फक्त खोकायचो. ती मग लग्नघरी फोन करून येत नाही म्हणून कळवायची.

मुलाने सुचवलं होतं, आळीतल्या काकांना अधूनमधून बसवू तुमच्याजवळ, आईला जरा मोकळीक मिळेल. मी उखडलो. ‘बाहेरचा माणूस मना मोरीत नेणार? त्यापेक्षा मेलेला बरा!’ सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते माझ्यावरूनच म्हटलं असणार.

मग मेव्हण्याच्या मुलीचं लग्न निघालं. पोरीने हट्टच धरला की धवला माझी आत्याच बोलणार, नाहीतर मी हळदीला बसत नाही. मेव्हणा स्वतः खाडीपलीकडून सांगायला आला. या वेळी मी खोकलो नाही. उलट छाती काढून म्हणालो, ‘जा गो, मी काय कुकुलं बाळ हाय?’ बायको माझ्याकडे बघतच राहिली. मग कपाटातून लुगडं काढलं, उन्हात टाकलं, आणि घासाघासाला गुणगुणत भांडी घासली. किती दिवसांनी ऐकत होतो तो आवाज.

मुलगा माझ्याजवळ थांबणार होता. हळदीच्या दिवशी मी त्यालाही हाकलला. ‘मामाच्या पोरीची हळद नि तू घरात? लोक तोंडात शेण घालतील!’ तो म्हणाला, ‘बाबा, लाईट गेली तर? सिलिंडर चालू करता येईल तुम्हाला?’ मी म्हणालो, ‘मना येतंय सगला.’ कसलं येतंय! त्याने कितीदा चावी फिरवून दाखवली होती, आणि दर वेळी मी ‘मी काय शाळेत बसलोय?’ म्हणून तोंड फिरवलं होतं.

आणखी एक गोष्ट माझ्या टाळक्यात आलीच नव्हती. मेव्हण्याने आमच्या आख्ख्या आळीला चूलबंद आवतण दिलं होतं. म्हणजे घरात चूलच पेटवायची नाही, लहानथोर सगळे जेवायला तिकडे. जन्मभर असली आवतणं खाल्ली मी. तरी मागे आळीत एक माणूस उरणार नाही, हे मला सुचलं नाही.

दुपारी लाईट गेली. मशीन किंचाळलं आणि गप्प झालं. मी सिलिंडरची चावी फिरवली, उलटी की सुलटी देव जाणे, वारा काही येईना. हाक मारली. दारांना कुलूपं लावून गेलेल्या आळीत कोण ओ देणार? छातीवर कोणी बसल्यासारखं झालं. घाबरलो मी, खरंच घाबरलो. तिला फोन लावला. तिकडे कुणीतरी उचलला आणि मागे तिचा आवाज ऐकू आला. धवला चालू होता. मी म्हणालो, ‘तिला धाड.’ तिकडे गलका झाला. तिचा आवाज मधेच तुटला, तो मी या कानांनी ऐकला.

फोन ठेवला आणि थोड्या वेळात लाईट आली.

मशीन घुरघुरायला लागलं. ओठ चंबूसारखे करून हळूहळू श्वास सोडला, शिकवलाय तसा, आणि छाती मोकळी झाली. फोन हातातच होता. ‘येऊ नको, लाईट आली,’ एवढं सांगायचं होतं. पोरीच्या हळदीला ती परत उभी राहिली असती, धवला पुरा झाला असता. मी फोन केला नाही. विसरलो म्हणू? नाही, विसरलो नव्हतो. मला ती यायला हवी होती. तिकडे माणसांनी भरलेल्या मांडवात ती खुशीत गात होती आणि मी तिच्या ध्यानातही नव्हतो, ते मला सहन झालं नाही. मी टीव्ही लावला आणि तिची वाट बघत बसलो.

मुलाच्या मोटरसायकलवरून ती आली. पायात चप्पल नाही, हात मनगटापर्यंत पिवळे. आधी मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग टीव्हीकडे. क्रिकेट चालू होतं.

‘लाईट कवा आली?’

‘आत्ताच,’ मी म्हणालो.

तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला चहा करून दिला आणि मागच्या पडवीत गेली. खाडीपलीकडच्या भावाच्या गावाकडे तोंड करून, तोडला होता तिथून धवला धरला आणि हळू आवाजात पुरा केला. पोरीला लागू नये म्हणून. मी टीव्ही बंद केला.

त्यानंतर मी मुलाकडून सिलिंडर शिकलो. आळीतल्या काकांनाही या म्हटलं. ते येतात, पत्ते खेळतो, मोरीपर्यंत हात देतात, माझं काही झिजलं नाही. परवा शेजारच्या गावातून लग्नाचं बोलावणं आलं. बायको दारात उभी राहून फोनवर बोलत होती. मी पलंगावरून हाताने खूण केली, जा, जा म्हणून.

तिने बघितली माझी खूण. फोनमध्ये म्हणाली, ‘न्हाय गो बाय, दुसरी बघा. माझाच दम पुरत न्हाय आता.’

‘खोटं!’ मी ओरडलो. ‘खोटं बोलते ती, ऐकू नका तिचं!’ पण तोवर फोन बंद झाला होता, आणि मला ढास लागली. ती आली, नाकातून निसटलेली नळी नीट बसवली, पाठीवरून हात फिरवला.

‘ओरडू नका,’ ती म्हणाली. ‘दम लागंल.’