पडद्यावरच्या सासऱ्याचा मान

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. एकाहत्तरच्या लढाईच्या दिवसांत कवठे महांकाळला, तंबूतल्या सिनेमात, एका अनोळखी माणसाचा फेटा मी मागून ओढला होता.

तो म्हातारा धनगर माझ्या पुढ्यात बसला होता. पडद्यावर नायिकेचा सासरा आला की हा लगेच उठून उभा राही. सासरा गेला की खांद्यावरचं घोंगडं सारखं करून पुन्हा बसे. मागचे कावले, “आवं, बसा की खाली. दिसंना झालंय.”

त्यानं शांतपणे मागं बघितलं. “मोठं माणूस उभं हाय, आन् मी बसू व्हय?”

सगळा तंबू हसला. चौथ्यांदा सासरा आला तेव्हा याला खाली बसवावं म्हणून मी फेट्याचा पाठीवर सोडलेला शेमला ओढला, आणि अख्खा फेटा सुटून माझ्या हातात आला. चारचौघांत बोडकं होणं आमच्याकडे किती लाजिरवाणं, हे मला ठाऊक होतं. मी तो फेटा दोन्ही हातांत तसाच धरून राहिलो.

तो वळला नि खुलून हसला. “लय ब्येस झेललासा, पावनं. न्हाईतर मातीत गेला असता.”

फेटा बांधून त्यानं मला शेजारी बसवलं, मूठभर शेंगा दिल्या. सासरा पुन्हा आला, तसं मला दंडाला धरून उठवलं. आता मागून दोघांनाही शिव्या बसत होत्या आणि आम्ही दोघं हसत उभे होतो.

त्या आनंदात खरं बोलायचं राहूनच गेलं. फेटा निसटला नव्हता, मी ओढला होता. एवढं सांगून त्याची माफी मागायचं देणं माझ्याकडे अजून बाकी आहे.